बालपणीचा कवटीचा अस्थिभंग : प्रौढपणी डोके वर काढणाऱ्या व्याधी

लहानपणी डोक्याला झालेली दुखापत बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते आणि कालांतराने कुटुंबाच्या स्मरणातूनही पुसली जाते. पाळण्यातून, जिन्यावरून किंवा कठडा नसलेल्या गच्चीवरून पडलेले मूल पुन्हा खेळू लागले की तो विषय तेथेच संपला, असे मानले जाते. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ही समजूत खरीही ठरते. मात्र थोड्या रुग्णांमध्ये कवटीच्या त्या जुन्या अस्थिभंगाचे परिणाम दहा, वीस किंवा तीस वर्षांनी प्रकट होतात. अचानक आलेली आकडी, पुन्हा पुन्हा होणारा मेंदूज्वर, एका नाकपुडीतून गळणारे पाण्यासारखे द्रव, पुढे आलेला डोळा किंवा मंदावलेली श्रवणशक्ती, अशी त्याची रूपे असतात. या तक्रारींचा संबंध बालपणीच्या अपघाताशी जोडला गेला नाही, तर रुग्ण वर्षानुवर्षे चुकीचे किंवा अपुरे उपचार घेत राहतो. म्हणूनच या विषयाची माहिती सर्वसामान्य वाचकालाही असणे उपयुक्त आहे.

मुलांच्या कवटीचे वेगळेपण

नवजात बालकाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे परस्परांपासून अलग असतात आणि त्यांच्यामधील सांधे लवचीक असतात. माथ्यावरील मोठी टाळू साधारणपणे वयाच्या नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरते. मेंदूची वाढ या काळात अतिशय वेगाने होत असते. पहिल्या वर्षात त्याचे आकारमान सुमारे दुप्पट होते आणि पाचव्या वर्षापर्यंत ते प्रौढ मेंदूच्या जवळपास ९० टक्के इतके होते. पातळ, लवचीक हाडे आणि आतून त्यांना रेटणारा वाढता मेंदू, हे बालकाच्या कवटीचे वैशिष्ट्य आहे.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. त्यांतील सर्वांत बाहेरच्या जाड आवरणाला दृढतानिका म्हणतात. तिच्या आत जालतानिका हे नाजूक आवरण असून त्याखाली मस्तिष्कमेरुद्रव खेळत असतो. लहान मुलांमध्ये दृढतानिका कवटीच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते. त्यामुळे हाड तुटले तर त्याबरोबर ती फाटण्याचा संभव प्रौढांपेक्षा अधिक असतो. पुढे उद्भवणाऱ्या अनेक व्याधींचे मूळ हाडाच्या चिरेपेक्षा या फाटलेल्या आवरणात असते.

मुलांमध्ये आढळणारे बहुसंख्य अस्थिभंग हे सरळ रेषेत गेलेली साधी चीर असतात आणि ते बहुधा कवटीच्या बाजूच्या, म्हणजे पार्श्विक हाडात होतात. आवरण आणि मेंदू सुरक्षित असतील तर अशी चीर कोणत्याही शस्त्रक्रियेविना भरून येते. हाड आत दबलेले असणे, चिरेच्या कडा एकमेकींपासून दूर गेलेल्या असणे, अस्थिभंग कवटीच्या तळाशी असणे किंवा हाडाबरोबर मेंदूलाही जखम होणे, या परिस्थितींत मात्र दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.

वाढता अस्थिभंग

तुटलेले हाड सांधण्याऐवजी त्यातील फट रुंदावत जाते, अशी एक विलक्षण अवस्था केवळ लहान मुलांच्या कवटीत आढळते. वैद्यकशास्त्रात तिला ‘वाढता अस्थिभंग’ असे नाव आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन हाउशिप यांनी १८१६ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले होते. पुढे १९३८ मध्ये डाइक यांनी क्ष-किरण चित्रांच्या आधारे या विकाराची चर्चा केली. तेव्हापासून आवरणाच्या गाठीवरून पडलेले ‘लेप्टोमेनिंजियल सिस्ट’ हे नावही रूढ झाले.

या विकाराची घडण समजण्यास अवघड नाही. हाडाखालची दृढतानिका फाटलेली असली की जालतानिका, मस्तिष्कमेरुद्रव आणि काही वेळा मेंदूचा भागही त्या फटीत शिरतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेंदूला सूक्ष्म स्पंदन मिळत असते. ते स्पंदन फटीच्या कडांवर अव्याहत आदळत राहते. शिवाय मेंदू वाढत असल्याने आतून दाब कायम असतो. परिणामी हाडाच्या कडा झिजतात, फट रुंदावते आणि त्याखालील मेंदूच्या भागात पोकळी निर्माण होऊ शकते.

हा विकार दुर्मीळ आहे. मुलांमधील कवटीच्या अस्थिभंगांपैकी फार तर एक ते दीड टक्क्यात तो आढळतो. काही पाहण्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी, ०.०५ टक्क्यांइतके दिसले आहे. त्यातील सुमारे ९० टक्के रुग्णांना मूळ दुखापत वयाच्या तीन वर्षांच्या आत झालेली असते. अपघातानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोक्यावर मऊ, स्पंदन पावणारे टेंगूळ दिसू लागते. पहिल्या तपासणीत चीर चार मिलिमीटरपेक्षा अधिक रुंद असेल, तर हा धोका गृहीत धरून मुलाला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, असा संकेत आहे.

अडचण अशी की, प्रत्येक टेंगूळ वेळीच लक्षात येत नाही. केसांखाली झाकलेला खड्डा किंवा उंचवटा जन्मापासूनचाच आहे, असे घरातील मंडळी समजतात. मूल वाढते, शिकते, नोकरीला लागते. मग तिशी-चाळिशीत पहिली आकडी येते, हातापायांतील शक्ती एका बाजूने कमी होऊ लागते, डोकेदुखी सतावते किंवा डोक्यावरील उंचवटा वाढू लागतो. सीटी स्कॅन केल्यावर हाडातील जुनी फट आणि तिच्याखालील द्रवाची पोकळी दिसते. अशा उशिरा निदान झालेल्या रुग्णांची वृत्ते भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतही प्रसिद्ध झाली आहेत. फट डोळ्याच्या खोबणीच्या छतात असेल, तर डोळा पुढे येतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर तो किंचित हलताना दिसतो.

उपचार शस्त्रक्रियेचा आहे. फाटलेल्या दृढतानिकेच्या कडा हाडाच्या कडांच्या पलीकडे आक्रसून गेलेल्या असतात. त्यामुळे शल्यचिकित्सकाला हाडातील फटीपेक्षा मोठा भाग उघडावा लागतो. मग कवटीवरील पातळ पडदा किंवा मांडीतील स्नायूंवरचे आवरण घेऊन दृढतानिका सांधली जाते. हाडाची पोकळी रुग्णाच्याच कवटीतील हाडाचा पदर काढून किंवा टायटॅनियमच्या जाळीने भरून काढतात. शस्त्रक्रियेमुळे फट वाढण्याचे थांबते आणि मेंदूला संरक्षण मिळते. परंतु मेंदूच्या जुन्या व्रणामुळे येणाऱ्या आकड्या त्यानंतरही काही रुग्णांत चालू राहतात आणि त्यांना औषधे घ्यावी लागतात. बालपणीच निदान झाल्यास हे नुकसान बऱ्याच अंशी टळते.

उशिरा सुरू होणारा अपस्मार

डोक्याच्या दुखापतीनंतर उद्भवणारा अपस्मार हा उशिराच्या परिणामांपैकी सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. जखम भरताना मेंदूत जो व्रण राहतो, त्याच्या आसपासच्या चेतापेशींचे विद्युत संतुलन बिघडते आणि कालांतराने तेथून आकडीचा उगम होतो. दुखापत आणि पहिली आकडी यांच्यामध्ये कित्येक वर्षांचे अंतर असू शकते.

ब्रिटिश मेंदू शल्यचिकित्सक ब्रायन जेनेट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार केला. कवटीचे हाड आत दबणे, कवटीच्या आत रक्ताची गाठ होणे आणि पहिल्या आठवड्यातच आकडी येणे, या तीन गोष्टींमुळे पुढील अपस्माराची शक्यता वाढते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. हे निकष आजही वापरात आहेत.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९३५ ते १९८४ या काळात डोक्याला दुखापत झालेल्या ४,५४१ मुलांचा आणि प्रौढांचा मागोवा घेणारा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवटीचा अस्थिभंग ही मध्यम स्वरूपाची दुखापत मानली होती. तीस वर्षांत आकडी येण्याची एकत्रित शक्यता सौम्य दुखापतीनंतर २.१ टक्के, मध्यम दुखापतीनंतर ४.२ टक्के आणि तीव्र दुखापतीनंतर १६.७ टक्के असल्याचे दिसले. डेन्मार्कमध्ये १९७७ ते २००२ या काळात जन्मलेल्या सोळा लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारित अभ्यास २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. त्यानुसार बालपणी किंवा तरुणपणी कवटीचा अस्थिभंग झालेल्यांमध्ये अपस्माराचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट होता. विशेष म्हणजे दुखापतीला दहा वर्षे उलटल्यानंतरही तो धोका जवळजवळ तेवढाच राहिला होता.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. दुप्पट धोका म्हणजे प्रत्येकाला आकडी येणार असे नव्हे. अस्थिभंग झालेल्या मुलांपैकी बहुसंख्यांना आयुष्यभर अपस्मार होत नाही. परंतु प्रौढपणी पहिली आकडी आलेल्या व्यक्तीकडे बालपणीच्या दुखापतीची चौकशी करणे का आवश्यक आहे, हे या आकडेवारीवरून कळते.

दुखापत झाल्याबरोबर आकडीविरोधी औषध सुरू केले तर पुढचा अपस्मार टळतो का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेत ४०४ रुग्णांवर केलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचे उत्तर मिळाले. फेनिटॉइन या औषधाने पहिल्या आठवड्यातील आकड्या कमी झाल्या. पण त्यानंतरच्या आकड्या टाळता आल्या नाहीत. त्यामुळे भविष्यातील भीतीपोटी वर्षानुवर्षे औषध देण्याची पद्धत आता मान्य नाही. अपस्मार प्रत्यक्षात उद्भवला, तर मात्र नियमित औषधांनी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या आकड्या आटोक्यात राहतात. औषधांना दाद न देणाऱ्या निवडक रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय आहे. नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि अन्य काही केंद्रांत ती केली जाते.

पुन्हा पुन्हा होणारा मेंदूज्वर

कवटीच्या तळाचा अस्थिभंग वरून दिसत नाही. नाकाच्या छताशी असलेले चाळणीसारखे हाड अतिशय पातळ असते. तेथे चीर जाऊन दृढतानिका फाटली, तर मेंदूभोवतीची निर्जंतुक पोकळी आणि जंतूंनी भरलेली नाकाची पोकळी यांच्यात वाट तयार होते. दुखापतीनंतरची सूज, रक्ताची गाठ किंवा फटीत अडकलेला मेंदूचा लहानसा भाग ही वाट तात्पुरती बुजवतो. वर्षांनंतर एखाद्या जोरदार शिंकेने, खोकल्याने किंवा कोणत्याही ठळक कारणाविना ती पुन्हा उघडते.

अशा रुग्णाच्या एकाच नाकपुडीतून पाण्यासारखे स्वच्छ द्रव गळते. पुढे वाकल्यावर त्याचे प्रमाण वाढते आणि घशात उतरल्यास त्याची चव खारट लागते. सर्दीच्या स्रावाने रुमाल वाळल्यावर कडक होतो. या द्रवाने तो होत नाही. अनेक रुग्ण याला ‘जुनी सर्दी’ किंवा ॲलर्जी समजून गोळ्या घेत राहतात. या द्रवात ‘बीटा-२ ट्रान्सफेरिन’ हे प्रथिन आढळले तर तो मस्तिष्कमेरुद्रवच आहे, याची खात्री पटते. सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या साहाय्याने गळतीची जागा शोधता येते.

काही रुग्णांत गळती लक्षातच येत नाही आणि मेंदूज्वर हेच पहिले लक्षण ठरते. न्यूमोकॉकस हा जंतू त्याला बहुधा कारणीभूत असतो. तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठरणे, उलट्या आणि गुंगी ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते. उपचाराने बरे वाटले तरी मूळ वाट बुजवली नाही, तर हाच आजार पुन्हा उद्भवू शकतो. एकाच व्यक्तीला दोनदा जिवाणूजन्य मेंदूज्वर झाला, तर कवटीच्या तळाशी छिद्र आहे का, हे शोधलेच पाहिजे, असे वैद्यकशास्त्र सांगते.

पूर्वी अशा छिद्रासाठी कवटी उघडावी लागे. आता बहुतेक रुग्णांत नाकातून दुर्बीण घालून ते बुजवता येते आणि ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत ही शस्त्रक्रिया यशस्वी होते. गळती असलेल्या व्यक्तींना न्यूमोकॉकसविरोधी लस देण्याची शिफारस अनेक देशांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. भारतात ही लस बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर समाविष्ट झाली. आज प्रौढ असलेल्या पिढीला ती बालपणी सरकारी कार्यक्रमात मिळालेली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

कान, कपाळ आणि डोळे

कानामागचे शंखास्थीचे हाड तुटल्यास मध्यकर्णातील हातोडा, ऐरण आणि रिकीब या नाजूक हाडांची साखळी निखळू शकते. एका कानाने कमी ऐकू येत असल्याचे लहान मूल सांगू शकत नाही. दुसऱ्या कानाच्या आधारे ते वेळ मारून नेते. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा दूरध्वनीवर बोलताना हा दोष प्रथम उघड होतो. साखळी निखळल्यामुळे आलेला बहिरेपणा शस्त्रक्रियेने बऱ्याच वेळा सुधारता येतो. कधी कधी कानाच्या नळीतील त्वचेचा अंश चिरेत अडकतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाऊन हाड पोखरणारी ‘कोलेस्टिएटोमा’ नावाची गाठ तयार होते. कानातून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, चक्कर येणे किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, ही तिची लक्षणे असू शकतात.

आंतरकर्णाभोवतीचे हाड शरीरातील सर्वांत टणक हाडांपैकी एक आहे. परंतु ते तुटले तर नव्या हाडाने सांधले जात नाही. चिरेत केवळ तंतुमय ऊती भरते. त्यामुळे कानाच्या साध्या संसर्गातून जंतू अनेक वर्षांनंतरही मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचू शकतात.

कपाळाच्या हाडातील सायनस ही पोकळी जन्मतः नसते. ती वयाच्या सहा ते आठ वर्षांच्या सुमारास क्ष-किरण चित्रात दिसू लागते आणि किशोरवयाअखेर पूर्ण आकार घेते. किशोरवयात कपाळाला मार लागून या पोकळीचा निचरा होण्याचा मार्ग बंद झाला, तर आत श्लेष्मा साठत जातो आणि ‘म्यूकोसील’ ही पिशवी तयार होते. तिची वाढ अतिशय मंद असल्याने ती दहा-वीस वर्षांनी ध्यानात येते. भुवईवर सूज येणे, डोळा खाली वा पुढे सरकणे आणि एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, ही तिची चिन्हे आहेत. त्यात संसर्ग झाल्यास तो डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूपर्यंत पसरण्याचा धोका असतो.

न दिसणारे परिणाम

काही परिणाम कोणत्याही चित्रणात ठळकपणे दिसत नाहीत. कपाळामागील मेंदूचा भाग विशीपर्यंत परिपक्व होत असतो. नियोजन, संयम, एकाग्रता आणि सामाजिक वर्तन ही त्याची कार्ये आहेत. पाच वर्षांच्या मुलाकडून या गुणांची फारशी अपेक्षा नसते. त्यामुळे उणीव जाणवत नाही. शिक्षणाचा आणि जबाबदारीचा भार वाढतो तेव्हा ती समोर येते. लहान मेंदू लवचीक असल्याने तो प्रत्येक इजेतून पूर्ण सावरतो, ही एकेकाळी प्रचलित असलेली समजूत आता मागे पडली आहे.

स्वीडनमध्ये १९७३ ते १९८५ या काळात जन्मलेल्या अकरा लाखांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या पंचविशीपूर्वी मेंदूला दुखापत झालेल्यांमध्ये मानसिक आजार, शिक्षणातील पीछेहाट आणि अपंगत्वामुळे मिळणारे निवृत्तिवेतन यांचे प्रमाण अधिक आढळले. दुखापत न झालेल्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली असता हा फरक कमी झाला. पण नाहीसा झाला नाही. म्हणजेच घरची परिस्थिती हे त्याचे एक कारण असले, तरी एकमेव कारण नव्हते. हा अभ्यास मेंदूच्या सर्व प्रकारच्या दुखापतींचा असून तो केवळ अस्थिभंगापुरता नव्हता, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

तीव्र दुखापतीनंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे कार्य मंदावू शकते. कायमचा थकवा, मासिक पाळीतील अनियमितपणा, वंध्यत्व किंवा रक्तदाब कमी राहणे, या तक्रारींमागे ते कारण असल्यास संप्रेरकांच्या रक्ततपासणीतून समजते आणि योग्य औषधांनी दूरही करता येते.

जुन्या कागदांचे मोल

उशिराच्या परिणामांचे निदान अनेकदा एका साध्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते : लहानपणी डोक्याला मार लागला होता का? हे उत्तर रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते. आई-वडील हयात असतील तर तेच सांगू शकतात. रुग्णालयातील नोंदी तोवर उपलब्ध असतीलच असे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक करण्यात आले. रुग्णाने मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, अशीही तरतूद त्यात आहे. तीस वर्षांनंतरच्या निदानासाठी ही मुदत अपुरी आहे. त्यामुळे मुलाला रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला सारांश आणि स्कॅनचा अहवाल जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवणे हिताचे ठरते. १९७१ मध्ये सीटी स्कॅनचा वापर प्रथम रुग्णावर झाला. त्यापूर्वी, आणि छोट्या गावांत त्यानंतरही बराच काळ, साध्या क्ष-किरण चित्रावर भागवले जाई. त्यामुळे आज ज्येष्ठ असलेल्या अनेकांचे अस्थिभंग कधी नोंदलेच गेले नसण्याची शक्यता आहे.

सामाजिक आणि कायदेशीर बाजू

अपस्माराचे निदान झाले की कुटुंबापुढे वैद्यकीय प्रश्नाइतकाच सामाजिक प्रश्न उभा राहतो. विवाहाच्या बोलण्यांत हा आजार लपवला जातो, औषधे चोरून घेतली जातात आणि एखादी मात्रा चुकली की आकडी येते. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत पूर्वी अपस्माराचा उल्लेख विवाहाला बाधक अवस्था म्हणून होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. दुखापतीच्या व्रणातून आलेला अपस्मार आनुवंशिक नसतो, ही गोष्ट अशा कुटुंबांना डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी आपली औषधे स्वतःहून न थांबवता आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काही औषधे बदलावी लागतात. वाहन चालवण्याचा परवाना मागताना अपस्माराची माहिती देणे अर्जदाराला आवश्यक असते.

आकडी आलेल्या व्यक्तीला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात चमचा घालणे अथवा हातपाय दाबून धरणे, हे प्रकार निरुपयोगी आणि धोक्याचे आहेत. तिला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात. आकडी पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ टिकली किंवा पाठोपाठ येऊ लागली, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सल्ला कधी घ्यावा

बालपणी कवटीचा अस्थिभंग झालेल्या प्रत्येक प्रौढाने तपासण्या करून घेण्याची आवश्यकता नाही. कोणतीही तक्रार नसेल तर निश्चिंत राहावे. मात्र पुढील लक्षणांपैकी एखादे आढळल्यास जुन्या दुखापतीचा उल्लेख करून मेंदूविकारतज्ज्ञ, मेंदू शल्यचिकित्सक किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा :

– प्रथमच आलेली आकडी, अथवा काही क्षण भान हरपण्याचे वारंवार घडणारे प्रसंग
– डोक्यावरील जुना खड्डा किंवा उंचवटा वाढणे, तेथे स्पंदन जाणवणे
– एका नाकपुडीतून किंवा कानातून स्वच्छ द्रव गळणे
– मेंदूज्वर एकदा होऊन गेल्यावर पुन्हा होणे
– एका कानाचे ऐकू येणे कमी होत जाणे किंवा दीर्घकाळ कान वाहणे
– एक डोळा पुढे येणे, भुवईवर सूज येणे किंवा दुहेरी दिसणे
– एका बाजूच्या हातापायांतील शक्ती हळूहळू कमी होणे

प्रतिबंध

उशिराच्या परिणामांवरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मूळ दुखापत टाळणे. घरांच्या गच्च्यांना आणि जिन्यांना पुरेसे उंच कठडे, खिडक्यांना जाळ्या आणि तान्ह्या मुलाला पलंगावर एकटे न ठेवणे, या गोष्टी साध्या आहेत. तरीही त्यांची उपेक्षा होते. पतंगाच्या दिवसांत गच्चीवर मोठ्यांची देखरेख असावी. चाकांच्या पांगुळगाड्यातून मुले जिन्यावरून कोसळण्याच्या घटनांमुळे कॅनडाने २००४ मध्ये अशा गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र त्या आजही भेट म्हणून दिल्या जातात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वाराला हेल्मेट बंधनकारक झाले. चार वर्षांखालील मुलांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. त्यांत मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा यांचा समावेश आहे. रस्त्यावर मात्र हेल्मेट घातलेल्या पित्यापुढे टाकीवर बसलेले उघड्या डोक्याचे मूल हे दृश्य आजही सर्रास दिसते.

मुलाच्या डोक्याला मार लागल्यानंतर बेशुद्धी, वारंवार उलट्या, आकडी, नाक-कानातून रक्त वा द्रव येणे, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे डाग किंवा डोक्यावर मऊ, पसरट सूज दिसल्यास त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे. अस्थिभंगाचे निदान झाले असेल, तर टाके काढून झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेली दोन-तीन महिन्यांनंतरची तपासणी चुकवू नये. वाढता अस्थिभंग ओळखण्याची खरी संधी याच भेटीत असते. ती साधली गेली, तर तीस वर्षांनंतरचा एक मोठा आजार त्याच वेळी टाळता येतो.